चुरमुऱ्याचे लाडू मऊ का पडतात? आणि तुमच्याकडचा चुरमुरा कुठला?

सोलापुरी_चादर

नमस्कार मंडळी. लेकाची पहिली संक्रांत आहे, रथसप्तमीच्या आत बोरन्हाण करायचंय. बोरं, हलवा, उसाचे करवे, रेवड्या यांची सोय झाली. मुलांच्या हातात द्यायला चुरमुऱ्याचे लाडू घरीच करायचे असं ठरवलं आणि तिथेच अडले. दोन घाणे झाले. पहिला संध्याकाळपर्यंत इतका मऊ पडला की लाडू उचलला की बोटं रुतायची. दुसऱ्या वेळी पाक जास्त शिजवला, तर लाडू वळलेच नाहीत. परातीत नुसते चिकट चुरमुरे.

माझी आजी सोलापूरला चुलीवर पन्नासेक लाडू तासाभरात वळायची. पत्र्याच्या डब्यात ते पंधरा दिवस कुरकुरीत राहायचे. तिने कधी मोजून काही घेतल्याचं आठवत नाही आणि आता विचारायला ती नाही.

मी बंगळुरात राहते. इथे दुकानात चुरमुरे म्हटलं की समोरचा गोंधळतो, "पुरी" म्हटलं की देतो. ही पुरी बारीक असते, मला जरा खारटही लागते. लाडू बिघडतात ते पाकामुळे की चुरमुऱ्यामुळे? आणि तुमच्याकडे चुरमुरा कसा असतो, त्याचं काय काय करतात, तेही लिहा. वाचायला आवडेल.

अंधेरी_लोकल

आधी नाव दुरुस्त करा. कुरमुरे! :)

वैदर्भी_वारा

मुरमुरे. विषय संपला.

तांबडापांढरा

चुरमुरे. कोल्हापुरात येऊन कुरमुरे मागाल तर दुकानदार देईल, पण गावाचं नाव विचारून मग देईल.

गोदाकाठ

तिन्ही नावं खाताना होणाऱ्या आवाजावरूनच आली असणार. ज्याला जसं ऐकू आलं तसं त्याने नाव ठेवलं. हिंदीत मुरमुरा, मध्य प्रदेशात परमल, गुजरातीत ममरा, बंगालीत मुडी, तमिळमध्ये पोरी, उत्तर कर्नाटकात मंडक्की. आमच्या नांदेडला चुरमुरे आणि मुरमुरे दोन्ही चालतं, त्यामुळे आम्हाला कुणाशी भांडण नाही.

चादरताई, पाकाचं जाणकार सांगतील. मी फक्त एवढंच म्हणेन की बिघडलेल्या चुरमुऱ्यांसाठी देवाने सुशीला दिलेली आहे.

न्यूजर्सीतली_सई

सुशीला म्हणजे? कुणाची पत्नी?

गोदाकाठ

हा प्रश्न मराठवाड्याबाहेरचा प्रत्येक माणूस एकदा तरी विचारतो. :) सुशीला म्हणजे चुरमुऱ्याचे पोहे समजा. चुरमुरे पाण्यात घालायचे आणि लगेच काढून हलक्या हाताने पिळायचे. बसून राहिले तर लगदा होतो. मोहरी, जिरं, हिरवी मिरची, कढीपत्ता, कांदा यांची फोडणी, त्यात शेंगदाणे, हळद. मग चुरमुरे परतायचे आणि वरून डाळ्याचं कूट. हे कूट सोडू नका, सुशीलेचा जीव त्यातच आहे. चुरमुऱ्यातलं उरलंसुरलं पाणी ते ओढून घेतं, त्यामुळे सुशीला गिचका होत नाही. लिंबू, कोथिंबीर. शाळेत असताना सकाळी घरात पोहे संपले की आई सुशीला करायची आणि आम्ही मनातून तेच मागत असायचो.

रसायनकट्टा

धागाकर्तीच्या प्रश्नाकडे. अन्नतंत्रज्ञानात शिकलोय म्हणून थोडं लांबण लावतो.

चुरमुरा आतून स्पंजासारखा पोकळ असतो. तांदळातल्या पाण्याची क्षणात वाफ होते, ती पिठूळ भागाला फुगवते, आणि निवताना तो फुगा काचेसारखा कडक होतो. हवेतली ओल शोषली की तीच काच रबरासारखी होते. आपण त्याला सादळणं म्हणतो. आता तुमचा पहिला लाडू. पाक कच्चा होता, म्हणजे त्यात पाणी शिल्लक होतं. ते पाणी संध्याकाळपर्यंत चुरमुऱ्याने ओढून घेतलं. लाडू बाहेरच्या हवेने मऊ पडला नाही, आतल्या गुळाने पडला.

दुसऱ्या घाण्यात पाक बरोबर असावा. माझा अंदाज, चुरमुरे गार होते. गार चुरमुऱ्यांवर गरम पाक पडला की पडल्या जागीच थिजतो, सगळीकडे पसरतच नाही. चुरमुरे आधी कोरडेच, मंद आचेवर हाताला चांगले गरम लागेपर्यंत भाजा आणि गरम असतानाच पाकात घाला.

सोलापुरी_चादर

अगदी हेच झालं! चुरमुरे पिशवीतून थेट ओतले होते. आणि आजी चुरमुरे परातीत घालून परात चुलीच्या वैलावर ठेवायची, हे आत्ता तुमचं वाचून आठवलं. मला वाटायचं जागा नाही म्हणून ठेवते.

ओवी

चादर, बाळाला आशीर्वाद. गूळ कुठला घेतलास ते लिहिलं नाहीस. साधा गूळ नको, चिकीचा गूळ घे. तो तापला की तार धरतो आणि निवला की कडकडीत होतो. माझं प्रमाण चार वाट्या चुरमुरे, एक वाटी बारीक चिरलेला चिकीचा गूळ, एक चमचा तूप. कढईत तूप, त्यावर गूळ, पाणी अजिबात नाही. मंद आच. गूळ विरघळून फसफसला आणि रंग गडद व्हायला लागला की गार पाण्याच्या वाटीत थेंब टाकायचा. तो थेंब बोटाने दाबला आणि चपटा झाला तर अजून वेळ आहे. काढून ताटलीत टाकल्यावर टण्ण वाजला की गॅस बंद. लगेच चुरमुरे. हाताला पाण्याचं बोट लावून पटापटा वळायचे, पण हात ओला गच्च नको, नाहीतर ते पाणी लाडवात जातं.

वळता वळता मिश्रण घट्ट झालं तर कढई पुन्हा मंद आचेवर मिनिटभर धर, सुटं होतं. एकटीने करू नकोस. एकाने कढई सांभाळायची, दोघांनी वळायचं. तुझी आजी पन्नास लाडू तासात वळायची म्हणतेस, तेव्हा घरात किती हात होते तेही आठवून बघ.

सोलापुरी_चादर

आजी, आत्या, दोन काकू. खरंच की.

अंधेरी_लोकल

ओवीताईंचा प्रतिसाद वाचनखुणेत साठवला.

तांबडापांढरा

लाडवांचं झालं असेल तर आता खऱ्या पदार्थाकडे येऊ. भडंग. त्याला जाड, टपोरा चुरमुरा लागतो. बारीक चुरमुऱ्याचा होतो तो चिवडा. तेलात भरपूर ठेचलेला लसूण लालसर होऊ द्यायचा, शेंगदाणे त्यातच खरपूस, कढीपत्ता कुरकुरीत, गॅस बंद करून हळद आणि लाल तिखट, मग चुरमुरे आणि मीठ. शेवटी थोडी पिठीसाखर. तिखट तापल्या तेलात पडलं तर करपतं आणि सगळा भडंग कडवट होतो. गॅस बंद केल्यावरच.

कृष्णाकाठची_वांगी

सांगलीकर इथे हजर आहे. पिठीसाखर मान्य. पण मेतकूट कुठाय? आम्ही आधी चुरमुऱ्यांना कच्चं तेल, तिखट, मीठ, मेतकूट हाताने चोळून ठेवतो आणि मग वरून लसूण-शेंगदाण्याची फोडणी ओततो. चोळल्यामुळे प्रत्येक चुरमुरा लाल होतो. तुमच्या पद्धतीने अर्धे पांढरे राहतात.

तांबडापांढरा

अर्धे पांढरे राहतात ते कंटाळा करणाऱ्यांचे. मेतकूट भातावर. भडंगात लसणाचा वास पुढे यायला हवा.

कृष्णाकाठची_वांगी

तुम्ही आपल्या दोघांच्या गावांच्या मध्ये जयसिंगपूरला उतरा आणि तिथला भडंग खाऊन सांगा.

तांबडापांढरा

जयसिंगपूरच्या भडंगाबद्दल मी एक शब्द वाईट बोलणार नाही. एसटीत बसलं की पहिल्यांदा तोच पुडा फुटायचा.

न्यूजर्सीतली_सई

मी हे सगळं वाचून उठले आणि स्वयंपाकघरातलं पाकीट बघून आले. इथे गुजराती दुकानांत दोन तऱ्हा मिळतात. एका पाकिटावर "बासमती ममरा" आणि दुसऱ्यावर "कोल्हापुरी ममरा". कोल्हापुरी म्हणजे तोच जाड, गोल, टपोरा. इतकी वर्षं मला वाटत होतं त्यात तिखट मसाला असेल, म्हणून घेतच नव्हते! कोल्हापूरचं नाव चुरमुऱ्याच्या आकाराला लागलंय हे तांबडापांढरा यांच्या प्रतिसादामुळे डोक्यात शिरलं.

पाकीट फोडल्यावर इथल्या दमट उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी वातड होतात. मी ओव्हन अगदी मंद ठेवून दहा मिनिटं पसरून ठेवते, परत कुरकुरीत होतात. रसायनकट्टा यांनी कारण सांगितलं ते छान झालं.

भट्टीवरचा_पोर

बरीच वर्षं इथे नुसता वाचतो. आज लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आमची बेळगावकडच्या भागात चुरमुऱ्याची भट्टी होती. आजोबांनी घातली, वडिलांनी चालवली. लोकांना वाटतं तांदूळ भाजला की चुरमुरा झाला. तसा घरचा तांदूळ कढईत भाजून बघा, तो फक्त तांबूस होईल. चुरमुरा व्हायला आधी साळ, म्हणजे टरफलासकट भात, दोन-तीन दिवस भिजवावा लागतो. मग उकडायचा, वाळवायचा, गिरणीत भरडून टरफल काढायचं. हा झाला चुरमुऱ्याचा तांदूळ. त्याला मिठाचं पाणी चोळायचं आणि मंद आचेवर सारखा हलवत तापवायचा. मग मोठ्या कढईतल्या धगधगत्या वाळूत ओंजळभर टाकायचा. एक, दोन, तीन म्हणेपर्यंत फुलतो. लगेच चाळणीवर, वाळू खाली, चुरमुरा वर. एक क्षण उशीर झाला की जळका वास.

जळण म्हणून भाताचाच तूस. तांदूळ फुलवायला त्याचंच टरफल जाळायचं, काहीही वाया नाही. मिठाचं पाणी चवीपुरतं नसतं, मिठाशिवाय दाणा नीट फुगत नाही. म्हणून चादरताई, थोडा खारटपणा चुरमुऱ्याचा स्वभावच आहे, बंगळूरच्या पुरीला बोल लावू नका. जास्तच खारट असेल तर मात्र पाण्याचं माप चुकलेलं.

वडील भट्टीसमोर पहाटे तीनला बसायचे. उन्हाळ्यात दहानंतर तिथे उभं राहवत नसे. अंगाची लाहीलाही होणं हे आम्ही पुस्तकात वाचलं नाही. त्यांच्या उजव्या हाताच्या कोपरापर्यंत केस नव्हते, धगीने जायचे. आम्ही भावंडं शिकलो ती त्याच चुरमुऱ्यांवर. कुणी म्हणालं की "चणे-चुरमुरे विकून काय मिळतं" तर मला अजून वाईट वाटतं. आम्हाला त्यातूनच सगळं मिळालं.

ओवी

दादा, हा प्रतिसाद दोनदा वाचला. वडिलांना नमस्कार सांगा.

रसायनकट्टा

मी जे चार ओळींत सांगितलं ते तुम्ही हाताने केलेलं आहे. भर एवढीच, ही वाळू साधारण २०० ते २५० अंश सेल्सिअसला असते. उकडल्यामुळे दाण्यातला पिठूळ भाग आधीच शिजून घट्ट झालेला असतो, म्हणून वाफ कोंडते आणि दाणा फुटण्याऐवजी फुगतो. कच्च्या तांदळाला भेगा पडतात, वाफ निसटते.

वैदर्भी_वारा

मग लाह्या कशा? त्या तर उकडत नाहीत.

भट्टीवरचा_पोर

लाहीला साळ टरफलासकटच तापवतात. टरफल कुकरसारखं वाफ कोंडून धरतं आणि शेवटी फाटतं. म्हणून लाही फुलासारखी उमलते आणि चुरमुरा शेंगदाण्यासारखा बंद राहतो. लाह्यांत टरफलाचे तुकडे राहतात, ते निवडायचं काम बायका सुपात करत. आमच्याकडे दिवाळीआधी लाह्यांचा मोठा घाणा निघायचा, लक्ष्मीपूजनाला लाह्या-बत्तासे लागतात ना.

ओवी

लाही आणि चुरमुरा यांत अजून एक फरक. लाही देवाधर्माची, चुरमुरा रस्त्यावरचा. लग्नात लाजाहोम असतो, तिथे लाजा म्हणजे साळीच्या लाह्याच. नवरीच्या ओंजळीत तिचा भाऊ लाह्या घालतो आणि ती त्या अग्नीत सोडते. आयुर्वेदात लाजामंड आहे, लाह्यांची पातळ पेज. उलट्या होत असल्या, पोटात काही टिकत नसलं की आमची आई साळीच्या लाह्या पाण्यात भिजवून ते पाणी गाळून चमचा चमचा द्यायची. नागपंचमीला मात्र ज्वारीच्या लाह्या, त्या वेगळ्या.

गोदाकाठ

ओवीताई, थोडा विरोध नोंदवतो. चुरमुराही देवाच्या दारात आहेच. पंढरपुराहून येणारा वारकरी काय आणतो? चुरमुरे, डाळं, बत्तासे, साखरफुटाणे. आमच्या गल्लीत एकजण वारीहून आला की सगळ्या घरांत मूठमूठ प्रसाद जायचा, बुक्क्याचा वास लागलेला. ती मूठ मला कुठल्याही पेढ्यापेक्षा मोठी वाटते. आणि हा धागा ज्या बोरन्हाणावरून सुरू झाला तिथेही बाळाच्या डोक्यावरून चुरमुरेच पडतात.

ओवी

मान्य. माझं वाक्य मागे घेते.

हावडाब्रिज

बारा वर्षं कोलकात्यात आहे, म्हणून तिकडचं लिहितो. मुडी इथे नाश्ता नसून जेवणच आहे म्हणा ना. संध्याकाळी वाडगाभर मुडी आणि सोबत तेलेभाजा, म्हणजे आपली भजी. झालमुडीत कच्चं मोहरीचं तेल असतं. पहिल्यांदा नाकात गेलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, आता त्याशिवाय भेळ बेचव लागते. बाँकुडा जिल्ह्यात केंजाकुडा गावी द्वारकेश्वर नदीच्या पात्रात बंगाली माघ महिन्याच्या चार तारखेला मुडीचा मेळा भरतो. हजारो लोक घरून मुडी आणि तोंडीलावणी घेऊन येतात आणि वाळूवर बसून खातात. चुरमुरे खायला एवढी माणसं जमतात, हे मला फार आवडलं.

गोडात जयनगरचा मोआ. हा दक्षिण चोवीस परगण्यातला. मोआ मुडीचा नाही, खोईचा, म्हणजे लाह्यांचा. कनकचूड नावाच्या सुवासिक भाताच्या लाह्या, खजुरीच्या झाडाच्या रसाचा हिवाळी गूळ (त्याला नोलेन गुड म्हणतात), खवा, तूप. २०१५ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. चादरताई, तो लाडू मुद्दाम मऊच असतो. तोंडात घातला की मोडतो. म्हणजे तुमचा पहिला घाणा बंगालात कुणी नावाजला असता. :)

एक गोष्ट जरा जपून लिहितो. इथे अंत्ययात्रेच्या वाटेवर खोई उधळतात. आपल्याकडेही काही गावांत लाह्या-चुरमुरे उधळतात. लग्नात आणि शेवटच्या वाटेवरही तोच भाताचा दाणा.

सोलापुरी_चादर

हावडाब्रिज, आजीला नेताना आमच्याकडेही उधळले होते. विसरले होते मी ते.

अंधेरी_लोकल

धाग्याचा सूर बदलण्याआधी मुंबईची बाजू मांडतो. ओल्या भेळेची खरी कसोटी चटणीत नसून कुरमुऱ्यात आहे. चटणी पडल्यापासून दोन मिनिटं तरी त्याने कुरकुर टिकवली पाहिजे. आमचा भेळवाला पिवळ्या कुरमुऱ्यांचं आणि पांढऱ्या कुरमुऱ्यांचं मिश्रण ठेवतो. भेळ हातात घेऊन फोन उचलणाऱ्याला तो रागवतो. "साहेब, आधी खा, मग बोला."

मालवणी_होडी

आमच्या सिंधुदुर्गात जत्रेतून घरी परतताना खाजं आणि कुरमुऱ्याचे लाडू हवेतच. आंगणेवाडीच्या जत्रेला जाणाऱ्याकडे शेजारीपाजारी आधीच सांगून ठेवतात. ते लाडू चिंबोरीच्या कवचासारखे कडक, दातांची परीक्षा. लहानपणी आम्ही कोण आधी फोडतो अशी पैज लावायचो. ओवीताईंचा टण्ण वाजणारा पाक तिथे बहुतेक दोनदा वाजवत असतील.

वैदर्भी_वारा

माझं माहेर भंडाऱ्याचं, तिथे भातच भात. पलीकडे छत्तीसगडमध्ये त्याला मुर्रा म्हणतात, संक्रांतीच्या सुमारास मुर्रा लाडू घरोघर. आमच्याकडे गुळात थोडी सुंठ घालतात. चादर, लहान मुलांसाठी छान लागते आणि थंडीत बरी.

आणि एक तक्रार. हल्ली शहरात मुरमुरे इतके पांढरेशुभ्र मिळतात की संशय येतो. लहानपणीचे तर किंचित पिवळसर असायचे.

हावडाब्रिज

संशय रास्त आहे. बंगालात मुडी मोठी आणि पांढरी व्हावी म्हणून युरिया वापरल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं आहेत. इथले जुने लोक म्हणूनच हाताने भाजलेली, थोडी लालसर मुडी शोधतात.

भट्टीवरचा_पोर

प्रामाणिक चुरमुरा सायीच्या रंगाचा असतो, दुधासारखा नाही. एक-दोन दाण्यांवर भाजल्याचा तांबूस ठिपका असेल तर तो भट्टीचा, समजा. जिभेवर मिठाची चव आधी यावी, मग भाताची. कडवट किंवा जिभेला चुरचुरणारी चव आली तर घेऊ नका. आणि सुटा घेत असाल तर गोणीतला हातात दाबून बघा. चुरा झाला पाहिजे. वाकला तर शिळा.

न्यूजर्सीतली_सई

सुटा की पाकीटबंद, हा भारतात आता पैशाचाही प्रश्न आहे ना?

अंधेरी_लोकल

हो. १८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद आणि छापील नावाच्या मुरमुऱ्यांवर ५ टक्के जीएसटी लागू झाला होता, सुट्ट्यावर नाही. तेव्हा बंगालात फार आरडाओरडा झाला होता. ज्यांचं संध्याकाळचं खाणंच ते, त्यांना लागणारच.

धारवाड_पेढा

मी उशिरा आलो, पण गोदाकाठ यांच्या सुशीलेबद्दल बोलायलाच हवं. ही सुशीला आमच्याकडून गेलेली आहे! उत्तर कर्नाटकात भिजवलेल्या चुरमुऱ्यांच्या या पदार्थाला सुसला म्हणतात. तिकडे जाताना कुणीतरी तिचं बारसं करून सुशीला केलं. दावणगेरेला याच प्रकाराला मंडक्की ओग्गरणे म्हणतात, ओग्गरणे म्हणजे फोडणी. दावणगेरे म्हणजे मंडक्कीचं गावच, भट्ट्यांची वसाहतच आहे तिथे. आणि हुबळी-धारवाडचं गिरमिट तुम्ही कुणीच काढलं नाहीत? चिंच-गुळात शिजवलेल्या कांदा-टोमॅटोचं दाट सार, त्यात चुरमुरे कालवायचे, वरून डाळ्याचं पीठ, कच्चा कांदा, शेव, आणि सोबत मिरची भजी. भेळेचा मोठा भाऊ.

गोदाकाठ

सुसला आधी की सुशीला, ते कोण सांगणार? लातूर, उस्मानाबाद, सोलापूर, बीदर, गुलबर्गा हा सगळा एकच पट्टा, सोयरिकी एकमेकांत. सून आली तिने आपला नाश्ता आणला. कुणाची सून कुठे गेली हे माहीत नसताना मी मराठवाड्याचा हक्क सोडणार नाही.

धारवाड_पेढा

हक्क तुमचाच राहू द्या, नाव आमचं. :)

सोलापुरी_चादर

माझं सासर-माहेर दोन्हीकडून या भांडणात येतं, म्हणून गप्प बसते. रविवारी बोरन्हाण आहे. भट्टीवरचा_पोर दादा, एक विचारायचं होतं. लाडवांसाठी बारीक चुरमुरा चांगला की जाड?

भट्टीवरचा_पोर

मला खात्री नव्हती म्हणून वडिलांना फोन केला, हा धागाही वाचून दाखवला. ओवीताईंचा नमस्कार सांगितला तेव्हा थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "लाडवाला बारीक. जाडाच्या मध्ये पोकळी राहते, पाक जास्त लागतो, लाडू दगड होतो. त्या बाईंना सांग, तुमच्याकडची पुरी लाडवाला उत्तम." आणि दुसरं सांगितलं, "चुरमुरे भाजताना हात लावून बघू नका, आवाज ऐका. कढईत हलवताना आधी सळसळ येते. कोरड्या पानांसारखी खडखड यायला लागली की झालं." भट्टीसमोर ते डोळे मिटून बसायचे तेव्हा आम्हाला वाटायचं झोपलेत. ते ऐकत असायचे.

ओवी

किती दिवसांनी असा धागा वाचायला मिळाला. चादर, कसं झालं ते कळव.

सोलापुरी_चादर

मंडळी, झालं!

शनिवारी रात्री नवरा, मी आणि खालच्या मजल्यावरची शेजारीण असे सहा हात लागले. पुरी कढईत भाजली, खडखड ऐकली. मला वाटलं नुसतं म्हणायचं म्हणून म्हणतात, पण खरंच आवाज बदलतो. चिकीचा गूळ इथे मराठी वाणसामानाच्या दुकानात मिळाला. थेंब तिसऱ्या वेळी वाजला. वैदर्भी_वारा यांची सुंठ घातली. एकेचाळीस लाडू झाले, शेवटचे चार जरा वेडेवाकडे. आज मंगळवार, उरलेले नऊ डब्यात आहेत, अजून कुरकुरीत. मालवणी_होडी, दात सगळ्यांचे शाबूत आहेत.

बोरन्हाणात लेक घाबरेल असं वाटलं होतं. डोक्यावरून चुरमुरे पडले तेव्हा तो क्षणभर थांबला आणि मग स्वतःच मूठ भरून आपल्या डोक्यावर टाकायला लागला. आजीच्या फोटोसमोर पहिला लाडू ठेवला.

आणि गोदाकाठ, धारवाड_पेढा, तुमच्यासाठी बातमी. पिशवीत बरीच पुरी उरली होती, म्हणून काल संध्याकाळी डाळ्याचं कूट घालून सुशीला केली आणि शेजारणीकडे बशी पाठवली. त्यांच्या सासूबाई अनंतपूरच्या. त्यांनी एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, "ही तर आमची उग्गाणी!" त्यांच्याकडेही भिजवलेले चुरमुरे, डाळ्याची पूड, सगळं तेच. फक्त त्यांचा माझ्यावर एकच राग आहे. सोबत मिरची भजी का नाही पाठवली?

धारवाड_पेढा

बरोबर बोलल्या त्या. भजी कुठाय?

गोदाकाठ

आता अनंतपूरचाही हक्क निघाला. पुढच्या रविवारी मी मिरच्या आणतो.